सगळ्यांसमोर कोसळलेला जॅक डरांड

१९५२ साल. न्यूयॉर्कच्या स्टुडिओतून मालिका थेट घराघरांत दिसत होती. आणि सगळ्या देशासमोर खाजगी गुप्तहेर जॅक डरांड, हातातला ग्लास ठेवता ठेवता कोसळला.

लगेच पडद्यावर जाहिराती करणारी पेगी आली. फ्रिजला टेकून, हसत जाहिरात म्हणू लागली.

इकडे जॅकचं काम करणारा गॅरेट व्हॉस जमिनीवर घोरत होता. दिग्दर्शक नेड हॉलिस्टर, त्याचा जुना दोस्त, सर्वांत आधी त्याच्यापाशी पोचला.

"पुन्हा प्यायला!"

दोन वर्षं गॅरेटनं दारूला हात लावला नव्हता. पण कॉलरला व्हिस्कीचा भपका होता. त्याला उचलताना ब्रोडीनं नाक त्याच्या तोंडाजवळ नेलं आणि कपाळाला आठी घातली. ब्रोडी निवृत्त पोलीस. नटांना पिस्तूल धरायला शिकवायचा.

दुसऱ्या दिवशी गॅरेटची हकालपट्टी झाली. त्याची बायको लेनोर मुलीला घेऊन ट्रेंटनला आईकडे गेली. गॅरेट ब्रोडीकडे आला.

"एक थेंब घेतला नाही मी."

"सगळे दारुडे हेच म्हणतात."

"म्हणून तर तुमच्याकडे आलोय."

"काल पोटात काय गेलं?"

"घरी सूप. इथे नेडनं आणलेली कॉफी, नेहमीसारखी. मग प्रसंगातली ती व्हिस्की."

ब्रोडीनं सामान सांभाळणाऱ्या ऑटोला गाठलं.

"व्हिस्की कसली? कोरा चहा असतो तो! उरलेली बाटली मीच संपवली. घरी जाऊन बायकोशी कडाकडा भांडलो. शुद्धीत होतो, विचारा तिला."

मग पेगी.

"जाहिरातीची वेळ तर बरीच नंतरची होती. तू आधीच तयार कशी?"

"नेडनं सुरुवातीपासून दिव्यांखाली उभं केलं हो! अर्धा मेकअप वितळला माझा."

ब्रोडी गॅरेटला घेऊन नेडच्या खोलीत शिरला.

"चहा चांगला होता, म्हणजे गुंगीचं औषध कॉफीत होतं. व्हिस्की तोंडाला नाही, कॉलरलाच होती. पडल्यावर ओतलेली. आधी पोचलास तू. आणि हा पडणार हे ठाऊक असलेल्यानंच पेगीला तयार ठेवलं."

नेडनं दार लावून घेतलं.

"जाहिरातदारांची माणसं आली होती, गॅरेट. स्पेनच्या यादवीतल्या अनाथ पोरांसाठी तू सभेला गेला होतास ना, तू मालिकेत राहिलास तर ते सगळं बाहेर काढणार होते. तुला कम्युनिस्ट ठरवणार होते. दारुड्याला पुढेमागे कुणीतरी काम देतं. लाल ठरलेल्याला कोण देतं? मी वाचवलं तुला."

"मला विचारायचंस तरी."

"तू ऐकलं नसतंस. पेपरवाल्यांकडे गेला असतास."

"आणि तुझी मालिका बंद पडली असती," ब्रोडी म्हणाला.



"चल," ब्रोडीनं फोन गॅरेटपुढे सरकवला. "बायकोला खरं काय ते सांग. मी साक्षीला आहे."

गॅरेटनं ऑपरेटरकडे ट्रेंटनचा नंबर मागितला. घंटा वाजत असताना नेड हळूच म्हणाला, "लेनोर सरकारी शाळेत शिकवते. तिला कळलं तर ती गप्प बसेल? आणि लाल माणसाच्या बायकोला शाळा ठेवील?"

पलीकडून लेनोरचा आवाज आला. तिनं एकच प्रश्न विचारला.

गॅरेटनं डोळे मिटले.

"हो गं," तो म्हणाला. "प्यायलो होतो."