ओळखलहर

पासवर्ड कधीच मोडीत निघाले होते. बोटाचा ठसा चोरता येतो, चेहरा उसना घेता येतो, हे ठेचा खाऊन कळल्यावर माणसांनी कुलपाला नवी किल्ली शोधली: ओळखलहर. ओळखीचा, सवयीचा आवाज कानी पडला की मेंदूत क्षणभर एक लहर उठते. आपल्याला कळायच्या आधीच ती उठते, त्यामुळे तिचं सोंग आणता येत नाही. कपाळाला पट्टा बांधायचा, आवाजाचा छोटा नमुना ऐकायचा. लहर उठली तर दार उघडणार, नाही तर तुम्ही परके.

नाशिकच्या ‘वाणीकोश’ कंपनीत हे कुलूप ऋजुता गवांदेने बसवलं होतं. शेवटच्या आजारातली माणसं घरच्यांसाठी जे बोलून ठेवत, ते तिथे साठवलेलं असे. पूर्वी कंपनीतला कुणीही ते ऐकू शकायचा. ऋजुताने सगळी चोरदारं बुजवली, स्वतःचंसुद्धा. याचा तिला भारी अभिमान होता.

आज तिच्यासमोर सुमती बेलसरे बसल्या होत्या. साठीच्या, शिवणाचे क्लास घेणाऱ्या. मूलबाळ नव्हतं. त्यांचे यजमान मनोहर हॉस्पिटलमध्ये त्यांच्यासाठी काहीतरी बोलून ठेवून गेले होते. उद्या वर्षश्राद्ध होतं, आणि माणूस गेल्यावर वर्षभरात न उघडलेली नोंद आपोआप पुसली जाई. सुमतीबाई सकाळपासून पट्टा बांधून बसल्या होत्या आणि पडद्यावर एकच शब्द येत होता: परके.

“काकू, तुम्ही काही औषध घेता का?”

“शमनी घेते. हे गेल्यावर मी अंथरुणातून उठेना. मग बहिणीने सुरू करून दिली.”

ऋजुताला कारण कळलं. शमनी दुःख बोथट करते. पण दुःख आणि ओळख मेंदूत एकाच वाटेने जातात. एकाला अडवलं की दुसरंही अडतं.

“म्हणजे मी यांना ओळखत नाही?” सुमतीबाईंनी विचारलं.

“ओळखता, काकू. पण कुलपाला पटेल इतकं नाही.”

“गोळी बंद केली तर?”

“महिनाभर तरी लागेल. आणि मग बाकीचंही परत येईल.”

“महिना कुठला. उद्या सकाळी गुरुजी यायचेत.” त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. “तूच केलंस ना हे? जादा किल्ली असेल की तुझ्याकडे.”

“मीच ठेवली नाही.”

आपल्या चोख कामाची ऋजुताला पहिल्यांदाच लाज वाटली. निदान पट्टा बिघडलेला असावा, या आशेने तिने तो स्वतःच्या कपाळाला बांधला. नमुना सुरू झाला.

“हॅलो. लाल दिवा लागलाय. म्हणजे चालू आहे वाटतं.”

तिला हसूच आलं. कुलूप घडवताना चाचणीला आवाज हवा होता. नियमाने बनावट आवाज वापरायचा, पण घाईत तिने साठ्यातला हाताला लागला तो खराच उचलला होता, आणि तो हाच. दुरुस्ती करायची, आवाज लावायचा, परत दुरुस्ती, परत आवाज. अख्खा उन्हाळा हा माणूस तिच्या टेबलाशी बोलत होता. चहा घेतानाही ती हे वाक्य त्याच्याच ढंगात म्हणायची.

पडद्यावर अक्षरं उमटली: ओळख पटली. यापुढे ही नोंद फक्त आपल्या नावे.

ती पट्टा काढायला गेली. आवाज फक्त बांधणाऱ्यालाच ऐकू येई. सुमतीबाईंनी तिचा हात धरला.

“काढू नकोस. ऐक, आणि मला सांग.”

ऋजुता ऐकत गेली, सांगत गेली. “म्हणतायत, शिवताना चष्मा लावत जा. मशीनला तेल घालायचं राहून गेलं. आणि... मी घाबरलेलो नाही असं तुला म्हणालो, ते खोटं होतं. तू हात धरलास की बरं वाटायचं.”



“हो, असंच बोलायचे,” सुमतीबाई म्हणाल्या. त्यांना सगळं समजलं होतं. आत काहीच हललं नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं, आणि त्याचंही काही वाटलं नाही.

ऋजुता मात्र कधी न भेटलेल्या माणसासाठी हुंदके देत होती. सुमतीबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. मग पर्समधून एक गोळी काढून तिच्यापुढे धरली.

“घे. दोन दिवस तोंड कडू लागतं. मग काही नाही.”

ऋजुता गोळीकडे बघत राहिली. ती घेतली, तर मनोहर बेलसऱ्यांची नोंद पुन्हा कुणासाठीच उघडणार नव्हती.

तिने पाणी मागितलं.