कडेची कणीक

मोतीराम पखवाजवाला मेहकरहून साखरखेर्ड्याला निघाला तो आखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधी, उन्हं वर यायच्या आत, भाड्याच्या छकड्यातून. काम साधं होतं. एक पखवाज पाहायचा, वाजवायचा आणि परत येऊन सांगायचं की तो खरा की खोटा. असल्या कामाला भ्यायचं काही कारण नाही. पण मोतीराम भ्याला होता, आणि त्याचं कारण त्याची बायको गोजरबाई सोडली तर मेहकरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

मोतीराम बहिरा झाला होता.

दीड वर्षापूर्वी त्याला थंडीताप आला. दवाखान्यातून कुनैन आणलं. ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. मागं राहिली फक्त एक किणकिण, चोवीस तास, डोक्यात रातकिडा बसल्यासारखी. आता तुम्हीच सांगा, पखवाज मढवणाऱ्याचे कान गेल्यावर त्याच्याकडे उरलं काय? तरी गड्यानं निभावून नेलं. गिऱ्हाइकाच्या ओठांकडे पाहून बोलायचा, पुडीची, म्हणजे तोंडावर ताणलेल्या कातड्याची, कड हनुवटीला टेकवून स्वर लावायचा. कधी लागायचा, कधी नाही. तीन पखवाज परत आले होते. चौथा आला की दुकानाला कुलूपच. पण दुकानाचंही एवढं नाही हो. आपल्या हाताखालचा आवाज आपल्याला पुन्हा कधी ऐकू येणार नाही, या एका विचारानं तो माणूस आतून खचला होता. जेवताना मध्येच घास हातात धरून बसून राहायचा.

त्याला पाठवलं होतं भगवानरावांनी. भगवानराव मेहकरचे मोठे जमीनदार. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, आणि यांची ऐट थेट नागपूरच्या साहेबांची. घरात भोंग्याचा फोनो होता आणि त्यावर रोज संध्याकाळी शालिग्रामबुवांची तबकडी लागायची.

साखरखेर्ड्याचे शालिग्रामबुवा म्हणजे केवढे नावाजलेले पखवाजी. तरुणपणी जिनिंगाच्या मशिनीत डाव्या हाताची दोन बोटं गेली, तरी वाजवायचं सोडलं नाही. उतारवयात त्यांनी आपला पखवाज आपल्याच हातानं बदलून टाकला. डावं तोंड बोटभर रुंद केलं, त्या बाजूचं लाकूड आतून कोरून पातळ केलं. आणि कणीक. पखवाजाच्या डाव्या पुडीला वाजवण्याआधी ओली कणीक थापतात, त्याशिवाय तो घुमत नाही. वाजवून झालं की खरवडून काढतात. सगळी दुनिया ती मधोमध लावते. बुवा कडेला लावायचे. जाणकार आधी हसले, म्हातारपणी वाद्याची वाट लावली म्हणाले. मग तबकडी निघाली, आणि तेच जाणकार म्हणायला लागले की बोटं कमी म्हणून बुवांनी ही युक्ती काढली, असा घुमारा त्रिभुवनात नाही. बुवा जाऊन तेरा महिने झाले होते. नवा पखवाज वीस रुपयांना मिळे, आणि बुवांच्या पखवाजाला भगवानराव पाचशे द्यायला तयार होते.

"वाजवून पाह्य," त्यांनी मोतीरामाला सांगितलं होतं. "तबकडीतलाच आवाज असला तं हो म्हण. अन् इथं आणल्यावर ते डावं तोंड सरळ करून दे. दिवाणखान्यात ठेवाचा आहे, वाकडंतिकडं बरं नाही दिसत."

भगवानरावांच्या मिशीत अर्धे शब्द अडकायचे. मोतीरामानं दोनदा विचारून घेतलं, आणि ऐकू येत नसतानाही आवाज पारखायचं काम अंगावर घेऊन निघाला. नाही म्हणाला असता तर काऊन नाही, हे सांगावं लागलं असतं.

साखरखेर्ड्यात पोचला तेव्हा सूर्य डोक्यावर होता. गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. चैत्र-वैशाखातल्या टळटळीत दुपारी आपल्याकडे बाया लेकरांना बाहेर सोडत नाहीत. बारा ते दोन ही वेळ दुसऱ्यांची, न दिसणाऱ्यांची असते म्हणतात. बुवांच्या घरी त्यांची बायको अन्नपूर्णाबाई एकटीच होती. साठीची, काटक, कोपरापर्यंत हात पिठानं माखलेले. भगवानरावांचा निरोप तिला आधीच पोचला होता.

"या मोतीरामभाऊ. पाणी घ्या. लय ऊन आहे."

त्यानं तिच्या ओठांकडे पाहत मान हलवली. तिनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग मधल्या खोलीत नेऊन वाकळीत गुंडाळलेला पखवाज त्याच्यापुढं ठेवला, आणि शेजारी पळसाच्या पानावर कणकेचा एक गोळा.

"बुवा गेले, पण गोळा चुकला नाही," ती म्हणाली. "सैपाकाच्या आधी रोज त्याचा गोळा काढून ठेवाचा. तुमी वाजवा निवांत. मी वसरीतच आहे." आणि झळा आत येऊ नयेत म्हणून तिनं दार लोटून घेतलं.

खोलीला खिडकी नव्हती. दाराच्या फटीतून उन्हाची एक रेघ आत आलेली, बाकी सगळा अंधार. जुन्या कातड्याचा वास, ओल्या कणकेचा वास. मोतीरामानं मनाशी ठरवून टाकलं होतं: दोन थापा मारायच्या, थोडा वेळ बसायचं आणि बाहेर जाऊन हो, तोच आहे म्हणायचं. खोटं तर खोटं. त्याला त्याची लाज वाटली, पण दुसरा मार्ग दिसेना.

त्यानं गोळा घेतला आणि सवयीनं डाव्या पुडीच्या मधोमध थापला. कोपऱ्यातल्या रांजणातून पाणी घेऊन हात धुतले. परत येऊन बसला, तर कणीक मध्ये नव्हती. कडेला होती.

आपणच चुकीची लावली असेल, असं म्हणून त्यानं ती खरवडली आणि पुन्हा मधोमध थापली. मढवणारी माणसं हट्टीच असतात, त्यात हा तर महाहट्टी. पिशवीतून हातोडी काढायला वळला. वळून पाहिलं. कणीक कडेला, आणि तिच्यावर एक पंजा उमटलेला. अंगठा आणि दोन बोटं. पुढची जागा कोरी.

त्यानं दाराकडे पाहिलं. दार लोटलेलंच होतं, उन्हाची रेघ जराही हललेली नव्हती. आता एक तिसराच वास आला, ओव्याचा. शालिग्रामबुवांच्या तोंडात सदा ओवा असायचा, हे अख्ख्या वऱ्हाडाला माहीत होतं. उठून पळावं असं मोतीरामाला वाटलं.

आणि मग कानातली किणकिण थांबली.

दीड वर्षात पहिल्यांदा. इतकी शांतता झाली की त्याला वाटलं, आपण मेलो. मग त्या शांततेत एक थेंब पडला. रांजणातून झिरपलेलं पाणी खालच्या मातीत पडत होतं, टप... टप... आणि ते त्याला ऐकू येत होतं. आढ्यात लाकूड कुरतडणारा किडा ऐकू आला. स्वतःचा श्वास ऐकू आला. आणि त्याच्या श्वासाच्या मागोमाग, पाठीशी, अगदी खांद्याजवळ, दुसरा एक श्वास.

"मधी नाही..." कोणीतरी हळूच म्हणालं. "कडेले..."

मोतीराम वळला नाही. वळायची छाती कोणाची होती? डावा हात त्यानं उचलला आणि पुडीवर टाकला.

तो आवाज कसा होता, ते त्याला कधी धड सांगता आलं नाही. एवढंच म्हणतो, की आधी मांडीला लागला, मग पोटात उतरला, आणि तिथून कानात आला. त्यानं दुसरी थाप टाकली, तिसरी टाकली, उजव्या हातानं बोल धरले. पाठीमागं कोणीतरी मांडीवर ताल देऊ लागलं. टाळी अर्धीच पडत होती, बोटं कमी असलेल्या हाताची पडावी तशी. मोतीराम वाजवत होता, भीतीनं त्याचे दात वाजत होते, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. भीतीहून त्याचा आनंद मोठा होता. मेलो तरी चालेल, पण ऐकून मेलो, असं त्याला झालं.

"बुवा..." तो शेवटी म्हणाला. "तुमीच ना...?"

ताल थांबला.

"सरळ... नको करू..."

"नाही करत. कोणाले करू देत नाही. आईची आण."

पाठीवर एक हात पडला. हलका, थंड, तीन बोटांचा. मग ओव्याचा वास गेला.

दार उघडलं तेव्हा बिजागरी करकरली, आणि ते त्याला ऐकू आलं. अन्नपूर्णाबाई पाठमोरी होऊन वाकळ झटकू लागली. तशीच, त्याच्याकडे न पाहता म्हणाली, "काय झालं हो भाऊ, काऊन रडून राह्यले?"

"आवाज ऐकला काकी. तुमी नाही ऐकला? एवढा वेळ वाजवलं मी."

ती वळली. "दाराशीच बसली होती मी. काहीच वाजलं नाही." आणि मग हसली. "पण मी पाठमोरी बोलली, तरी तुमाले समजलं."

मोतीरामानं हात कानाशी नेला.

"आल्या आल्याच ओळखलं म्या," ती म्हणाली. "बुवाही असेच ओठाकडे पाहत. शेवटची सात वर्सं त्याइले काही ऐकू येत नव्हतं. लोक म्हणतात बोटासाठी पखवाज बदलला. कशाचं बोटासाठी? कान गेले म्हणून बदलला. मांडीले आवाज लागावा म्हणून लाकूड कोरलं, कणीक कडेले नेली. तबकडी भरली तवाही बहिरेच होते."

"कोणालेच नाही सांगितलं?"

"तुमी सांगितलं काय कोणाले?" ती म्हणाली. "जाताना मले म्हणाले, विकू नको. ज्याचे कान गेले तो कधी ना कधी येईन, त्याले दे. म्हणून म्या पाहाले येणाऱ्या कोणाले अडवलं नाही. बहिरा माणूस काय गळ्यात पाटी लावून येते?"

"पाचशे रुपये देतात काकी भगवानराव."

"माह्या पोटापुरतं वावर आहे मले. तुमी घेऊन जा. फक्त त्याचा रोजचा गोळा चुकवू नका."

मोतीरामानं तिच्या पायावर डोकं ठेवलं. तिनं त्याला उठवलं आणि जेवू घातल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

भगवानराव दुसऱ्याच दिवशी दुकानात आले. मोतीरामानं सरळ सांगितलं की वाद्य बुवांचंच आहे, पण बाईनं ते मला दिलं आणि मी विकणार नाही. ते चिडले, येडा झाला काय बे म्हणाले, मग म्हणाले, वाजवून तरी दाखव. मोतीरामानं वाजवलं. त्याचं अंग शहारलं. भगवानरावांनी मात्र नाक मुरडलं.

"हे बुवाचं? मडकं वाजल्यासारखं वाजते. फसवलं बाईनं तुले."

आणि पाचशे रुपयांचा पखवाज त्यांच्या लेखी त्या क्षणापासून पाच रुपयांचा झाला. ते गेल्यावर गोजरबाई पदर तोंडाला लावून किती तरी वेळ हसत होती, आणि नवऱ्याला ते हसू ऐकू येतंय हे पाहून हसता हसता रडली.

तेव्हापासून मोतीरामाच्या हातचा एक पखवाज परत आला नाही. दर आखजीला, पितरांना पाणी द्यायच्या दिवशी, तो आपल्या बापाच्या नावाची घागर भरतो, आणि शेजारी दुसरी बुवांच्या नावाची. नातं ना गोतं, पण बापानं जन्म दिला आणि यांनी कान दिले, असं म्हणतो. रोज सैपाकाच्या आधी गोजरबाई कणकेचा गोळा काढून पखवाजापाशी ठेवते. दुपारी त्यावर तीन बोटं उमटलेली असतात. पहिले काही महिने ती घाबरली, मग सवय झाली. घरात वडीलधारं माणूस असावं तसं ती पखवाजापुढून पदर सावरून जाते.

अशी अकरा वर्षं गेली. आणि गेल्या पौषात एके दिवशी गोजरबाईनं आतून विचारलं, "तुमी काऊन हात लावला गोळ्याले? अजून परातीतच होता."

मोतीराम अंगणात होता. सकाळपासून सैपाकघरात गेलाच नव्हता. आत जाऊन पाहिलं. गोळ्यावर पाच बोटांचा पंजा उमटला होता, आणि अंगठ्याच्या बुडाशी हातोडीच्या घट्ट्याची गोल खूण. त्यानं आपला हात त्यावर धरला. नेमका बसला.

"हाव, मीच लावला," तो बायकोला म्हणाला. तिला कशाला घोर लावायचा?

मग तो पखवाजापाशी गेला आणि हात जोडून हळूच म्हणाला, "बुवा, उपकार लय आहेत तुमचे. बोलावलं तं येईन, नाही म्हणणार नाही. पण चिखलीच्या शेषरावच्या दोन पुड्या हाती घेतल्या आहेत. तेवढ्या होऊ द्या."

दुसऱ्या दिवशी गोळ्यावर पुन्हा तीनच बोटं होती.

मोतीराम हट्टी, हे मी आधीच सांगितलं. शेषरावाला त्यानं दुसऱ्या दोन नव्या पुड्या करून दिल्या, आणि या दोन, कडेचा कातडी गजरा अर्धाच विणलेल्या, दुकानात खुंटीला टांगून ठेवल्या. त्या पुऱ्या होत नाहीत तोवर बोलावणं नाही, म्हणून त्यांना कोणी हात लावायचा नाही. बुवांनीही ते चालवून घेतलं, असं तो हसून सांगायचा, त्यांच्याइतकं दयाळू कोणी नाही.

परवा सकाळी दुकान उघडलं तर त्यातली एक पुरी झालेली होती. गजरा टोकापर्यंत विणलेला, कडेला ओल्या कणकेचं बोट लागलेलं. मोतीरामानं ती काढली, कानाशी धरून टिचकी मारली. चुकलेली नव्हती. त्यानं ती डोक्याला लावली, गोजरबाईला दाखवली आणि त्या पंजाचं सगळं तिला सांगून टाकलं.

दुसरी अजून खुंटीलाच आहे. रात्री दुकान बंद करताना तिचा गजरा निम्मा होता. आज सकाळी गोजरबाईनं मोजला, तर चार वेढे जास्त भरले.