शिडीवरून आलेला आवाज

गडी चहाला गेला, म्हणून मी हॉलमध्ये एकटाच होतो. दुपारच होती, पण प्रदर्शनासाठी खिडक्यांना काळे पडदे लावलेले. आत मिट्ट काळोख, कोपऱ्यात एक दिवा.

चित्र टांगायला दोघं लागतात. एक शिडीवरून तार हुकात अडकवतो, दुसरा खालून फ्रेम धरतो. वरून ‘सोड’ आलं की सोडायचं. सहा वर्षं दादा वर, मी खाली. मी नेहमी आधीच सोडायचो. ‘कसली रे घाई तुला, गाढवा?’ मग तो फ्रेममागे हात घालून भिंतीवर निळ्या खडूचा ठिपका काढायचा. काम चोख झाल्याची खूण.

दादा तापात गेला तेव्हा मात्र त्याच्या हातातून माझी बोटं नर्सनं एकेक करून सोडवली. तो खडू मी त्याच्या मुठीत ठेवला. तेव्हापासून माझे हात सुटतच नाहीत. दादाच्या जागी आलेला गडी वरून म्हणतो, ‘सोड ना रे, लग्न लावलंयस का चित्राशी?’ मालकांनी सांगून टाकलं होतं, आज हे मोठं चित्र लागलं नाही तर उद्यापासून येऊ नकोस.

माझं डोकं फिरलं. मी एकट्यानंच ते उचललं.

चित्रात काठावर एक बाई. हात रिकामे, नाव दूर चाललेली. दोर तिच्या हातून निसटला असंच मला वाटायचं, बघवायचं नाही. आता नाक कॅनव्हासला टेकलं आणि खालचा कोपरा दिसला. तिचा एक पाय गुडघ्यापर्यंत ओला होता. तळव्याला नावेचा हिरवा रंग लागला होता.

दोर निसटला नव्हता. नाव तिनंच ढकलली होती.

शेजारी शिडीची पायरी करकरली. लवंगेचा वास आला. दादा दिवसभर लवंग चघळायचा. फ्रेम हलकी झाली... वर बघायची हिंमत होईना.

“बोटभर डावीकडे... हां. सोड.”

“मग तू जाशील ना...”

“सोड रे, गाढवा. आजच कसली वाट बघतोस?”

मी सोडलं. दोन्ही हातांनी. चित्र भिंतीवर राहिलं, केसभरही वाकडं नाही. मी रडत रडत मोठ्यांदा हसलो. चहा पिऊन आलेला गडी दारातच थबकला.

“एकट्यानं लावलंस?”

“लागलं,” मी म्हणालो.

आता शिडीवर मी चढतो.

महिन्यानं ते चित्र उतरवलं. भिंत प्रदर्शनाआधीच नव्यानं रंगवलेली, तरी हुकाशेजारी निळा ठिपका होता. गड्यानं तो बोटानं पुसला. संध्याकाळपर्यंत तो हात धूत होता. लवंगेचा वास जात नव्हता.