न जोडलेला माइक

हे खरं घडलंय. मी स्वतः तिथे होते. हसायचं तर हसा.

गेल्या थंडीतली भर दुपार. माझ्या ताईचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान एका तळघरात आहे. वरची दुकानं त्या दिवशी बंद होती. वर चिटपाखरूही नव्हतं.

टेबलावर एका निवृत्त मास्तरांचा कॉम्प्युटर उघडा पडला होता. बायको गेल्यापासून मास्तर एकटेच राहायचे. तक्रार साधी होती. माइक लावलेला नसतानाही स्क्रीनवर यायचं... 'माइक जोडला आहे.'

"चिपसेटचा घोळ," ताई म्हणाली. "बोर्ड जुना, तो चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, नवा. दोघांचं पटत नाही."

तिने ड्रायव्हर बदलला. बायोस अपडेट केलं. शेवटी बोर्डावरचा आवाजाचा भागच सेटिंगमधून बंद करून टाकला.

तरी स्क्रीनवर माइकच्या आवाजाची हिरवी पट्टी हलत होती.

वर... खाली...

वर... खाली...

"कोणीतरी श्वास घेतंय असं वाटतंय गं," मी म्हटलं.

"डोकं नको खाऊस!"

ताई हट्टाला पेटली. मदरबोर्ड नवा लावला. हार्ड डिस्क आणि बाकीचे सगळे भाग दुकानातले लावले. मास्तरांचं म्हणावं असं आता फक्त पत्र्याचं कॅबिनेट उरलं होतं.

कॉम्प्युटर सुरू केला.

'माइक जोडला आहे.'

ताईने हेडफोन कानाला लावले आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिने ते माझ्या हातात दिले.

बाईचा श्वास होता. अगदी कानाशी.

मी घाबरून हेडफोनची पिन उपटली. पिन माझ्या मुठीत होती... आणि हेडफोनमधून हळूच आवाज आला,

"ते घरी एकटेच आहेत ना?"

ताईने फोन करून मास्तरांना बोलावून घेतलं.

"काका, कसं सांगू... बहुतेक काकूंचा आवाज आहे."

मास्तरांनी हेडफोन लावले. पिन मोकळीच लोंबत होती. बराच वेळ ते ऐकत राहिले. डोळे भरून येतील असं मला वाटलं होतं.

पण त्यांच्या अंगाला कापरं भरलं.

"हा हिचा आवाज नाही."

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"शेवटच्या आजारपणात ही रोज विचारायची, घरात ही कोण बाई बोलते? मी म्हणायचो, तापात भास होतोय तुला. झोप."

"काका, आज आमच्याकडेच राहा," मी म्हटलं.

"नको पोरी. घर सोडून कुठे जाऊ?"

कॉम्प्युटर तिथेच टाकून ते निघून गेले.

आठवड्याने ताईने काळजीपोटी फोन केला. स्पीकर चालू होता, मी बाजूलाच बसले होते. मास्तरांचा आवाज अगदी निवांत होता. तब्येत छान आहे म्हणाले.

मग मागून तोच आवाज आला...

"कोणाचा फोन?"

आणि मास्तर प्रेमाने म्हणाले, "कोणाचा नाही गं."

फोन कट झाला.

ताईने पुन्हा फोन लावलेला नाही. मीही नाही.