कुमुदआजीच्या कॉफीचा सूर

रंग जुळला होता, चव मात्र साफ फसली होती. असं कसं झालं, ते शमिकाला काही केल्या कळेना.

उद्या कुमुदआजीचं वर्षश्राद्ध होतं. चिखलदऱ्याच्या घरामागे आजीनं स्वतः लावलेल्या झाडांची कॉफी आबा कढईत भाजायचे, नुसत्या रंगावरून. आबा जन्मभर प्रकाशाचा अभ्यास करत आले आणि आता त्यांचीच नजर गेली होती. तपकिरी कुठं संपतो नि काळा कुठं सुरू होतो, हे त्यांना दिसत नव्हतं.

"तिच्या पानाशी माझ्या हातची कॉफी नसेल, तर मला ते पान वाढवणार नाही," आबा सकाळीच म्हणाले होते.

म्हणून शमिकानं चिमट्याला, म्हणजे त्यांच्या स्वयंपाकघरातल्या यंत्रमानवाला, कामाला लावलं. आजीच्या डब्यात आबांनी भाजलेल्या शेवटच्या कॉफीची थोडी पूड उरली होती. कढईतल्या बियांचा रंग त्या पुडीशी जुळताच चिमट्यानं गॅस बंद केला. आणि कॉफी कशी झाली? गवत उकळल्यासारखी! आता कच्च्या बिया एकदाच भाजता येतील एवढ्याच उरल्या होत्या.

"माझं मोजमाप बरोबर आहे," चिमटा म्हणाला.

"गप रे!" शमिकाला रडूच आलं.

आबांनी तिला जवळ घेतलं. "पोरी, डब्यात काय होतं?"

"पूड."

"आणि कढईत?"

"बिया... अय्या, आबा!"

"भाकरीला वरून डाग पडतात, तेव्हा आत ती पांढरीच असते ना? बीसुद्धा बाहेरून आधी भाजते. पुडीत बाहेरचं नि आतलं एकत्र होतं, म्हणून ती सालापेक्षा फिकी दिसते. तुम्ही बीचं साल पुडीशी जुळवलंत, आणि आतला भाग राहिला कच्चा. पुडीशी पूडच ताडून बघायची."

"आणि खिडकीतलं ऊन?" शमिकानं विचारलं. "ढग आला की सगळंच काळपट दिसतं."

"शाब्बास! म्हणून मोजायचं ते बंद डबीत, एकाच दिव्याखाली."

त्या दिव्यातून अवरक्त प्रकाश (तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश) पुडीवर पडणार होता. त्यातला काही पूड गिळणार, उरलेल्याचं परावर्तन (वस्तूवर आपटून मागे फिरणं) होणार. कॉफी जितकी जास्त भाजलेली, तितका कमी प्रकाश परत येतो. तो मोजायला डबीत संवेदक (प्रकाश पडताच विजेचा इशारा देणारा भाग) बसवला. खड्ड्यांच्या सावल्या पडू नयेत म्हणून शमिकानं पूड पट्टीनं सपाट केली.

चिमट्याच्या छातीवर आकडा उमटला. शमिकाचा चेहरा पडला. आबांना तो दिसणार कसा? नुसतं "थांबा" म्हणायचं तर चिमटाही म्हणेल, पण मग भाजणारे हात आबांचे कसले?

"चिमट्या, आकड्याऐवजी सूर काढ. प्रकाश जास्त तर सूर उंच, कमी तर खालचा."

चिमट्यानं आधी आजीच्या डब्याचा सूर ऐकवला. आबा मान खाली घालून ऐकत राहिले. मग त्यांनी उलथनं हातात घेतलं.

आबा बिया हलवत होते. चिमटा मधूनमधून दोन बिया उचलून दळायचा आणि सूर काढायचा. सूर हळूहळू खाली येत गेला. आजीच्या सुराला तो टेकणार, तेवढ्यात आबांनी कढई उतरवून बिया सुपात ओतल्या.

"अहो आबा, अजून थोडं होतं!"

"उतरवल्यावरही त्या आपल्याच धगीनं भाजत राहतात. तेवढं सोडावं लागतं गं."

बिया निवल्यावर चिमट्यानं दोन्ही सूर एकत्र लावले. एकच ऐकू आला. आबांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

दुसऱ्या दिवशी आबांनी आजीच्या पानाशी कॉफीची वाटी स्वतः ठेवली. मग संध्याकाळी ओसरीवर बसून ते म्हणाले, "शमे, मावळतीला आभाळाचे रंग बदलतात. कुमुद मला रोज हाक मारायची बघायला. त्यांनाही सूर लावता येईल का गं?"

"येईल की! आणि तिथं दिवासुद्धा लागणार नाही, आबा."

तिनं चिमट्याला हाक मारली आणि त्याचं तोंड पश्चिमेकडे वळवलं.