सायराकान आपांची अर्धी चाल

उन्हाळ्यात आमच्या फ्रुंझे शहराची माणसं वर डोंगरात कोचकोरला जातात ती हवा खायला, नाहीतर मेंढी आणायला. मी निघालो होतो चाल आणायला. मी चित्रपटांना संगीत देतो, आणि त्या वर्षी मला एक नवी ओळ सुचत नव्हती. काहीही लिहायला घ्यावं, चार ओळींत हात वळून त्याच जुन्या चालीवर जायचा. कागद फाडून फाडून वीट आला होता.

ती चाल माझी नव्हतीच. दहा वर्षांपूर्वी कोचकोरच्या म्हाताऱ्या सायराकान आपांनी कोमुझवर, आमच्या त्या तीन तारांच्या वाद्यावर, मला ती ऐकवली होती. मध्येच थांबल्या. "पुढे?" म्हटलं. "पुढे नाही," म्हणाल्या. मग शेवट मी जोडला, वर माझं नाव घातलं आणि चित्रपटात वापरली. गाजली. मग तीच बॅलेत घातली, मग एका गाण्यात, मग रेडिओच्या बातम्यांआधी. मित्र म्हणायचे, "ओरोझबाय, शिळ्या कढीला किती ऊत आणशील रे?"

भर दुपारी पोचलो तेव्हा आपा तंबूत लोकर पिंजत बसल्या होत्या. मला पाहून हात थांबला नाही.

"आपा, नवीन काहीतरी द्या ना."

"जुनी संपली?"

"तिनंच तर छळलंय."

"तुला?" त्या हसल्या, पण ते हसू चांगलं नव्हतं. "अरे, ते माझ्या लेकाचं, जुमाशचं शोकगाणं होतं. बेचाळीस साली लढाईत बेपत्ता झाला. मेला, असं कुणी सांगितलं नाही, म्हणून मी ते अर्ध्यावर ठेवलं. पुरं केलं तर मेलाच ना माझा पोर! आणि तू... तू पुरं केलंस."

आपांनी हातातली लोकर खाली ठेवली.

"गावात तुझा सिनेमा आला, त्या दिवसापासून तो येतो. दाराबाहेर उभा राहतो... आत ये म्हटलं तर येत नाही. माणसाला एकदा पुरलं की तो पडून राहतो, ओरोझबाय. तू किती वेळा पुरलंस त्याला? रेडिओवर तर रोज पुरतोस."

बाहेर वारा नव्हता. तरी दारावरचा नमद्याचा जाड लोकरी पडदा हलला. भिजलेल्या कोटाचा, ओल्या मातीचा वास आला. आपा पडद्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "थांब हं बाळा... आज घरात पाहुणा आहे."

मी परतलो आणि रेडिओला पत्रांवर पत्रं लिहिली, ती धून बंद करा म्हणून. "स्वतःच्याच चालीवर बंदी मागणारा हा पहिलाच वेडा!" तिथले साहेब हसले. चाल माझी नाही, असं लिहून दिलं, तेव्हा कुठे दोन वर्षांनी ती थांबली. माझं नाव गेलं, कामं गेली. नवी ओळ मात्र आली नाही ती नाहीच.

त्याच वर्षी, पानं गळायच्या दिवसांत आपा वारल्या. आमच्यात बायका तंबूत शोकगाणं म्हणतात आणि पुरुष बाहेर काठ्यांवर ओणवून आक्रोश करतात. मी पुरुषांच्या रांगेत अगदी टोकाला होतो. आत बायकांनी आपांचीच चाल धरली. आपा जिथे थांबायच्या, तिथेच त्याही थांबल्या.

आणि माझ्या डाव्या कानाशी कुणीतरी ती पुढे नेली. अगदी हळू... तरुण, पुरुषी आवाज. तो शेवट मी जोडलेला नव्हता. इतका साधा होता की मला माझी लाज वाटली. इतकी वर्षं डोकं आपटलं ते याच्यासाठीच. मान वळवायचं धाडस झालं नाही, कारण माझ्या डावीकडे रांग संपली होती.

दफन उरकल्यावर आपांचा पुतण्या काठ्या गोळा करू लागला. रांगेत आम्ही सहाजण होतो. त्यानं सातवी काठी उचलली आणि चटका बसल्यासारखी टाकून दिली.

"ही कुणाची?" त्यानं विचारलं. "मूठ अजून गरम आहे..."