बोटभर आत

किल्ल्याच्या तळघराच्या सातव्या पायरीवर निवेसचा चष्मा सापडला. एक काच शाबूत. ती नाहीशी झाल्याला अकरा दिवस झाले होते.

तिची आई एर्सिलिया रोक्कास्कूराच्या किल्ल्याची राखणदार. तिने चष्मा पुसायला घेतला.

"पुसू नका," फौजदार ब्रूनो म्हणाला.

"धुळीतून दिसायचं कसं तिला? सापडली की आधी मला सांगा. तिचं अंथरूण मी रोज उन्हात टाकते."

*

निवेस किल्ल्याबद्दल लिहीत होती त्या वहीचं शेवटचं पान:

*जुन्या भिंतींना, बांधताना उभारलेल्या परांचीच्या वाशांची भोकं आहेत. थोरल्या बुरुजाला एकही नाही. बुरुज नवा? सेत्तीमिओकाकांना विचारणे.*

*

सेत्तीमिओ. गावातला एकुलता एक गवंडी, निवेसचा धर्मपिता. उत्तरेच्या भिंतीवर काम चाललं होतं.

"तिने बुरुजाचं विचारलं?" ब्रूनो म्हणाला.

"मला? नाही. शहरात पळाली असेल. तू नव्हतास पळाला? आलास टोपी घालून."

"हा भिंतीचा तुकडा आत का, काका?"

"नवा दगड बोटभर आत बसवायचा. जुनं कुठलं, नवं कुठलं, पुढच्याला कळायला हवं. दगडात खोटं बोलू नये, टोपीवाल्या."

"तळघरात असं काही काम?"

"तिथे मी कधी हातच लावला नाही."

*

तळघर. ब्रूनोने कंदील भिंतीलगत धरला. उजेड आडवा सरकत गेला.

एक सावली. दोऱ्याएवढी, सरळ.

त्याने बोट टेकवलं. बोट आत गेलं.

*

"दाराएवढा तुकडा, काका. बोटभर आत. दुसऱ्या कुणी बुजवला असता तर सपाट बुजवला असता. असं बांधणारे गावात तुम्ही एकटे. आणि तुम्ही म्हणालात, हात लावला नाही."

सेत्तीमिओ थापीवरचा चुना खरवडत राहिला.

"भूकंपात बुरुज पडला. माझ्या आजाने नवा उभारला. सपाट. जुना म्हणून खपवला. तो बघायला येणाऱ्यांवर गाव अजून जगतंय. ती म्हणाली, खरं ते लिहिणार. मी पायरीवर हात धरला. तिने झटकला, आणि खाली पडली."

"लगेच गेली?"

सेत्तीमिओने थापी उलटी करून दुसरी बाजू खरवडायला घेतली.

"काका, भिंत बांधलीत तेव्हा ती गेलेली होती ना?"

चुना खरवडण्याचा आवाज तेवढा येत होता.

"भिंत फोडावी लागेल," ब्रूनो शेवटी म्हणाला. "खालच्या गावातून माणूस बोलावतो."

"तो जुने दगड मोडेल. मीच फोडतो."

ब्रूनोने त्याला अडवलं नाही. तळघरात पहिला घाव बसला.

वरून, अंगणातून एर्सिलियाची हाक आली, "अरे, धूळ उडवू नका रे! निवेसचं अंथरूण बाहेर आहे!"